वेगळं घर की दुसरं घर?

पत्र

ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. सासू-सासरे, मोठे दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही तिघं असे एकत्र राहतो. भांडण असं काही नाही, पण घर आता पुरत नाही. मुलगा मोठा होतोय. माझं कामही घरूनच चालतं आणि दार लावून बसायला जागा नाही. जवळच भाड्याने घर घ्यावं, असं आम्हा दोघांचं वर्षभर चाललं होतं. परवा रात्री सगळे बसलेले असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्हाला वेगळं राहायचंय." सासरे एवढंच म्हणाले, "म्हणजे वाटण्या करायच्या तर." सासूबाई उठून आत गेल्या. तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. जाऊबाईंनी विचारलं, "आमचं काही चुकलं का?" त्यात मावससासूबाईंचा फोन, की तुम्ही दोघं वेगळे होताय असं कानावर आलं, खरं का? नवरा म्हणतो, तू शब्द चुकलीस. पण मी 'वेगळं' म्हणाले म्हणजे तोडायचं म्हणाले का? कोणता शब्द वापरायला हवा होता? आणि आता माफी मागू की गप्प राहू?

– एक वाचक

उत्तर

नमस्कार,

तुमचं वाक्य तीन शब्दांचं, आणि चार जणांनी त्याचे चार अर्थ घेतले. त्यांच्यापैकी एकानेही मुद्दाम वाकडा अर्थ काढलेला नाही, हे आधी मनात पक्कं करा. भाऊ वेगळे झाले म्हणजे मिळकत वाटली गेली. सून वेगळी निघाली म्हणजे तिने वेगळी चूल मांडली. नवरा-बायको वेगळे झाले म्हणजे संसार मोडला. हे सगळं आपण 'वेगळं' या एकाच शब्दात बोलतो. सासऱ्यांना त्यात वाटणी ऐकू आली, सासूबाईंना घर फुटल्याचं, जाऊबाईंना तक्रार आणि मावससासूबाईंना काडीमोड. तुम्हाला म्हणायचं होतं ते एवढंच, की रात्री पाठ टेकायला दुसरं छप्पर हवं. हा अर्थ त्या शब्दात आहे, पण तो सगळ्यांत शेवटी ऐकू येतो.

तेव्हा तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शब्द चुकला. पण वर्षभर दोघांनी मिळून जे ठरवलं, ते सांगायची वेळ आल्यावर एकटीच्या तोंडी आलं, हेही चुकलं. त्यात त्यांचा वाटा तुमच्याइतकाच आहे. आई-वडिलांशी बोलायचं काम मुलाचं होतं आणि अजूनही आहे.

आता शब्दाकडे येते. तुम्ही 'वेगळं' या शब्दावर अडून बसलात, पण माझ्या मते घाव त्याच्या आधीच्या शब्दाने घातला. तुम्ही 'आम्हाला' म्हणालात. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यात एक भिंत आहे. 'आपण जाऊ' म्हटलं की ऐकणारा बरोबर असतो, 'आम्ही जाऊ' म्हटलं की तो मागे राहतो. हिंदीत दोन्हीकडे 'हम' चालतं. गुजराती आणि तेलुगूत मात्र मराठीसारखाच भेद आहे. आपण तो इतक्या सहज पाळतो की बोलताना लक्षातही येत नाही, पण ऐकणाऱ्याला तो बरोबर कळतो. त्या रात्रीपर्यंत त्या घरात 'आपलं घर', 'आपला खर्च', 'आपली मुलं' असंच चाललेलं असणार. नऊ वर्षांनी सासूबाईंनी सगळ्यांदेखत 'आम्हाला' ऐकलं आणि त्यात त्या नव्हत्या. 'वेगळं' हा शब्द यायच्या आधीच वेगळेपण येऊन बसलं होतं.

हेच वाक्य दुसऱ्या बाजूने सुरू केलं असतं तर? "आई, आपल्याला आता हे घर पुरत नाही. जवळपास आपलं दुसरं घर बघूया का?" यात काहीही लपवलेलं नाही. जायचं आहे, तुम्ही तिघंच जाणार आहात, हे पुढच्या वाक्यात सांगायचंच आहे. पण 'वेगळं घर' म्हटलं की आहे त्यातून काहीतरी वजा होतं आणि 'दुसरं घर' म्हटलं की आहे ते तसंच राहून त्यात भर पडते. कोणता शब्द वापरायला हवा होता, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर हे, की 'आपलं' आणि 'दुसरं'.

क्रियापदाचीही गोष्ट आहे. 'वेगळं राहणं' ही नुसती राहण्याची सोय असते, 'वेगळं होणं' म्हणजे नात्याचा दर्जा बदलणं, आणि 'वेगळं निघणं' यात उंबरठ्याकडे पाठ फिरवल्याचा भाव आहे. 'वेगळं काढून देणं' मात्र मोठी माणसं करतात. मुलाचा संसार वाढला, त्याला वेगळं काढून दिलं, असं सांगताना आई-बापांच्या आवाजात समाधान असतं. घटना चारही वेळा तीच असते, एक जोडपं दुसऱ्या घरात राहायला जातं. फरक एवढाच, की ते कोण घडवतंय. निघणारी सून असेल तर तो दोष होतो आणि काढून देणारे सासू-सासरे असतील तर ते कर्तव्य होतं. म्हणून माझा आग्रह असा, की घर ठरवून मग कळवू नका. घर बघायला त्यांना बरोबर न्या. सासूबाईंना ते पसंत नसेल तर का नाही, ते नीट ऐका. जमलं तर राहायला जायचा दिवस त्यांना ठरवू द्या. हे नाटक म्हणून करू नका. खरोखरच त्यांचा हात लागू द्या.

सासऱ्यांचं बोलणं तुम्हाला तुटक वाटलं असेल. त्यांची धास्ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यामागे मोठा इतिहास आहे. मिताक्षरा या हिंदू वारसा-कायद्याच्या जुन्या पद्धतीतल्या एकत्र कुटुंबात सहदायकाने, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या व्यक्तीने, वेगळं होण्याचा इरादा निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केला आणि तो इतरांपर्यंत पोचला, की त्याच्यापुरती एकत्रपणाची स्थिती तिथेच संपते. हिस्से पाडणं, मोजणी, कागदपत्रं हे सगळं नंतरचं. गिरजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज या खटल्यात 1916 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, हे तत्त्व मान्य केलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. म्हणजे उच्चारलेल्या वाक्याने कुटुंब विभक्त होऊ शकतं, ही केवळ भावनेची गोष्ट नाही. तिला कायद्याचा आधार आहे. सासऱ्यांनी 'वेगळं व्हायचंय' हे शब्द नात्यागोत्यात कधी ऐकले असतील, तर पुढे तलाठी, वकील आणि तारखा आल्याचंही पाहिलं असेल.

पण तोच कायदा तुमच्याही बाजूने बोलतो, आणि हे त्यांना सांगण्यासारखं आहे. अन्न, पूजा आणि मिळकत या तिन्ही बाबतींत एकत्र असणं ही एकत्र कुटुंबाची परंपरेने मानलेली खूण. मात्र नुसतं राहणं वेगळं झालं किंवा स्वयंपाक वेगळा झाला, एवढ्यावरून कुटुंब विभक्त झालं असं न्यायालयं मानत नाहीत. नोकरीसाठी मुलगा परगावी राहतो म्हणून त्याची वाटणी झाली असं कोणी म्हणत नाही, तसंच हे. शिवाय सून सहदायक नसते, त्यामुळे तुमच्या त्या वाक्याने कायद्याच्या दृष्टीने काहीही दुभंगलेलं नाही. आणि राहतं घर सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल, तर त्यांच्या हयातीत मुलांनी त्यात वाटणी मागण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या नवऱ्याने वडिलांजवळ एकटं बसून स्पष्ट सांगावं: "बाबा, वाटणीचा विषयच नाही. मला काही नको आहे. आपल्या घरखर्चात मी आजवर घालतो ते पुढेही घालणार आहे." शेवटचं वाक्य खरं असेल तरच उच्चारावं. दोन घरांचा खर्च झेपणार नसेल, तर किती झेपेल तो आकडा आत्ताच सांगावा. पैशाबद्दल मोघम बोललेलं पुढे फार महागात पडतं.

'विभक्त' हा शब्द कागदोपत्री इतका वापरला जातो की तो कोरडा आणि कठोर वाटू लागला आहे. त्याचा धातू 'भज्', म्हणजे वाटून घेणं, वाट्याला येणं. 'भाग' त्यातूनच आला आणि 'भक्त'ही त्यातूनच. व्याकरणातल्या 'विभक्ती'त तर तोच 'वि' आहे आणि तोच 'भज्', पण तिचं काम नाम आणि क्रियापद यांचं नातं दाखवायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाटा पडला म्हणजे नातं संपलं, असं आपल्या भाषेनेसुद्धा मानलेलं नाही.

'एकत्र' या शब्दाचं उलट झालंय. त्याचा मूळ अर्थ 'एका ठिकाणी' एवढाच. त्यात जागा आहे, माया नाही. मायेसाठी मराठीत निराळे शब्द आहेत: एकोपा, जिव्हाळा, सोबत, सहवास. एकत्र राहणाऱ्या माणसांत एकोपा असतोच असं नाही, आणि एकोपा असलेली माणसं एकत्र राहतातच असंही नाही. आपण मात्र 'एकत्र कुटुंब' म्हणताना हे सगळं त्या एका शब्दावर लादतो आणि मग जागा बदलली की सगळंच गेलं असं वाटतं. तुमच्या पत्रात 'भांडण असं काही नाही' असं वाक्य आहे. ते तुम्ही सासूबाईंना तोंडाने सांगितलं आहे का? मला शंका आहे. बहुतेक घरांत ते गृहीत धरलेलं असतं.

मावससासूबाईंचा फोन तुम्हाला बोचला असणार. त्यांना एका वाक्यात सांगा, "आम्ही दोघं एकत्रच आहोत, फक्त जवळच दुसरं घर बघतोय", आणि विषय संपवा. त्यांच्या मनात जे आलं त्याला आपल्याकडे घटस्फोट, काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी असे शब्द आहेत. यांपैकी पहिल्या दोहोंत काहीतरी मुद्दाम मोडलं जातं. जुन्या धर्मशास्त्रात घटस्फोट हा विवाहाशी संबंधित शब्दच नव्हता. पतित ठरवलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घट उपडा करायचा आणि त्याला नात्यागोत्याबाहेर टाकायचं, असा तो विधी होता. काडीमोडीत खरोखरच काडी मोडून संबंध संपल्याचं जाहीर केलं जाई. तुमच्या बाबतीत असं मोडण्याजोगं काही घडलेलंच नाही.

इथे कायद्यातली आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. हिंदू विवाह कायदा 1955 चा. परस्परसंमतीने घटस्फोटाचं कलम 13-ब त्यात 1976 साली आलं. त्यात एक अट अशी, की पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. हे 'वेगळे राहणं' म्हणजे नेमकं काय, यावर 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पती-पत्नी म्हणून न राहणं म्हणजे वेगळं राहणं. दोघं एका छताखाली राहत असले तरी या अर्थाने वेगळे असू शकतात, आणि परिस्थितीमुळे दोन ठिकाणी राहणारे पती-पत्नी वेगळे ठरतातच असं नाही. न्यायालयाने भिंती मोजल्या नाहीत. नवरा-बायकोपुरता दिलेला हा अर्थ मला सासू-सुनांनाही लागू पडेल असा वाटतो. सासूबाई आज तुमच्याच घरात आहेत, हाकेच्या अंतरावर, आणि तरी तुम्ही दोघी त्या रात्रीपासून वेगळ्या राहताय.

सासूबाईंचं दुःख वाटणीचं नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. तसं असतं तर त्या बोलल्या असत्या, भांडल्या असत्या. त्या उठून आत गेल्या, हे वियोगाचं लक्षण आहे. नातू सकाळी उठल्या उठल्या दिसणार नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं असेल. आपल्या रसशास्त्रात शृंगाराचे दोन भाग मानले आहेत, संभोग म्हणजे मिलन आणि विप्रलंभ म्हणजे विरह. म्हणजे विरह प्रेमाच्या विरुद्ध बाजूला न ठेवता प्रेमाच्या आतच ठेवला आहे. ती शास्त्रं प्रियकर-प्रेयसीची आहेत, मान्य, पण आजी-नातवालाही ते लागू पडतं. ज्याच्याशी काही संबंध नाही त्याच्यापासून विरह होत नाही. तेव्हा त्यांच्या अबोल्याला राग समजून उत्तर देऊ नका.

त्यांच्यासाठी मराठीतलाच एक जुना शब्दप्रयोग आहे, 'अंतर देणं'. 'मी तुम्हाला अंतर देणार नाही' म्हणजे मी तुम्हाला टाकणार नाही. 'अंतर' म्हणजे लांबी आणि 'अंतर' म्हणजे आतलं मनही, अंतरंग, अंतरीचं. घरांमध्ये अंतर पडेल, पण अंतर द्यायचं नाही, हे त्यांच्या पिढीला एका वाक्यात कळतं. तुम्हाला हे पुस्तकी वाटत असेल तर तुमच्या शब्दांत सांगा. पण सांगताना त्यात वार, वेळ आणि काम घाला. "येत राहू" हे सगळेच म्हणतात आणि त्याला काही अर्थ उरलेला नाही. "शाळेतून तो रोज तुमच्याकडेच येईल, मी सहाला न्यायला येईन" हे वेगळं. "तुमच्या डोळ्यांच्या तपासणीला मीच बरोबर येणार" हेही वेगळं. अशी दोन-तीन ठरलेली कामं, जी आज तुम्ही करता आणि पुढेही करणार, ती नावानिशी सांगा. मग ती पाळा. पहिल्या दोन महिन्यांत एकही चुकवू नका, कारण तेवढ्याच काळात त्या तुमचा शब्द पारखतील.

इथे एक इशारा. 'घरोबा' हा गोड शब्द आहे आणि दोन घरं असल्याशिवाय तो होतच नाही. पण तो सासरच्या माणसांसमोर चुकूनही वापरू नका. घरोबा शेजाऱ्यांशी असतो, स्नेह्यांशी असतो. आपल्याच माणसांना तो लावला तर पुन्हा परकं केल्यासारखं होईल. आणि अबोला चालू असेपर्यंत मुलाच्या हाती निरोप पाठवू नका, 'आजीला सांग, आई म्हणते...' असे. त्या पोराला मधे उभं करू नका.

जाऊबाईंचा प्रश्न मला सगळ्यांत कळीचा वाटतो आणि तुम्ही तो पत्रात एका ओळीत उरकला आहे. "आमचं काही चुकलं का?" यामागे आणखी एक प्रश्न आहे: तुम्ही गेलात की आई-बाबांचं सगळं माझ्या एकटीवर येणार का? त्यांनी तो विचारला नाही, ही त्यांची सभ्यता. तुम्ही तो स्वतःहून काढा. दुखणीखुपणी, दवाखाना, रात्रीबेरात्री धावपळ, सणवार, पाहुणे यांतलं काय काय तुमच्याकडे राहील, हे दोघींनी बसून ठरवा. दोन्ही भाऊही त्यात असू द्या. घरं वेगळी झाल्यावर भावाभावांत, जावाजावांत जो दुरावा येतो तो बहुतेक वेळा याच हिशेबातून येतो. चुकलं का, याचं उत्तर मात्र सरळ 'नाही' असं द्या आणि जागेचं कारण सांगा.

आता तुम्हालाच एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला नको, स्वतःला द्या. तुम्हाला खरंच फक्त जागा हवी आहे का? की जागेच्या आडून थोडं सुटायचंही आहे? स्वतःच्या मनाप्रमाणे उठावं, बसावं, कोणाला न विचारता बाहेर पडावं? तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. नऊ वर्षांनी कोणत्याही बाईला ते वाटू शकतं. पण मग वर सांगितलेले शब्द मलमपट्टी म्हणून वापरू नका. 'आपलं दुसरं घर' म्हणायचं आणि महिनाभरात येणंजाणं आटवायचं, हे 'वेगळं' म्हणण्यापेक्षा कितीतरी वाईट. त्यापेक्षा नवऱ्याशी हे उघड बोला आणि सासूबाईंना झेपेल तेवढंच वचन द्या. आठवड्यातून दोनदा येणं जमणार असेल तर दोनदाच सांगा.

माफीचं विचारलंत. घर हवं या इच्छेची माफी मागू नका, नाहीतर उद्या खरोखर निघाल तेव्हा ती माफी खोटी ठरेल. माफी मागा ती सगळ्यांदेखत, अचानक सांगितल्याबद्दल. सासूबाई एकट्या असताना जवळ जाऊन, "आई, मी ते तसं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं", एवढं म्हणा आणि थांबा. त्या लगेच बोलल्या नाहीत तरी चालेल. त्याच बैठकीत घराचा विषय काढू नका. तो दोन-चार दिवसांनी तुमच्या नवऱ्याने काढावा, तुम्ही शेजारी बसलेल्या असाव्यात, आणि त्याची सुरुवात 'आपल्याला' या शब्दाने व्हावी.

एवढं करूनही कोणी नाराज राहिलं तर घराचा बेत सोडू नका, फक्त घाई करू नका. दोन-तीन महिन्यांनंतरची तारीख धरा. मुलाच्या शाळेच्या सुट्टीत सामान हलवणं तुम्हालाही सोयीचं जाईल आणि त्यांनाही सवय व्हायला वेळ मिळेल. मधल्या काळात वाद झालाच, तर त्या आठवड्यात एक पिशवीही उचलू नका.